संसदेच्या संरक्षण समितीचे अहवाल : वाचावेत का, आणि कसे?

दरवर्षी अर्थसंकल्प मांडून झाल्यावर, साधारण मार्च महिन्यात, संसदेच्या पटलावर संरक्षणविषयक स्थायी समितीचे चार-पाच जाडजूड अहवाल ठेवले जातात. ते हिंदी आणि इंग्रजीत छापले जातात, संसदेच्या संकेतस्थळावरून कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि बहुतेक वृत्तपत्रांत त्यांतली एखादी चटकदार ओळ छापून आली की त्यांचे सार्वजनिक आयुष्य संपते. हीदेखील नागरिकांना दिली जाणारी एक सेवा आहे, आणि तिचे मोल आपण करातून आधीच चुकते केले आहे. २०२५-२६ या वर्षासाठी संरक्षण मंत्रालयाची तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये होती. त्यांपैकी सुमारे १.८० लाख कोटी भांडवली खर्चासाठी आणि सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी. एवढ्या रकमेचा हिशेब लोकप्रतिनिधी कसा मागतात, हे पाहण्याची जागा म्हणून या अहवालांचे परीक्षण करायला हरकत नाही.

परीक्षणाचा निकष आधीच सांगितलेला बरा. भारतात सैन्य मुलकी सत्तेच्या आज्ञेत राहते, याबद्दल गंभीर वाद नाही, आणि आपल्या शेजारी देशांकडे पाहता हे थोडेथोडके यश नव्हे. पण ‘मुलकी सत्ता’ म्हणजे कोण, याचे उत्तर आपण फारसे शोधत नाही. मंत्री, मंत्रालयातले सचिव की निवडून आलेले सभागृह, यांपैकी सैन्याशी खरा संवाद कोण करते, त्याच्या गरजा कोण ऐकून घेते आणि नकार कोण देते, हे या अहवालांतून कळले तर सेवा उपयुक्त, न कळल्यास नुसती कागदाची भर, असे मी मानतो.

विभागवार स्थायी समित्यांची व्यवस्था एप्रिल १९९३ मध्ये सुरू झाली. तेव्हा अशा १७ समित्या होत्या; २००४ मध्ये त्या २४ झाल्या. प्रत्येक समितीत ३१ सदस्य, त्यांपैकी २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्यांना सदस्यत्व नाही. मुदत एक वर्षाची. मंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली भरणारी सल्लागार समिती निराळी, आणि तिच्याशी या समितीची गल्लत करू नये. तिथे मंत्री खासदारांना माहिती देतात, इथे खासदार मंत्रालयाला प्रश्न विचारतात. अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयाने खर्चासाठी संसदेकडे मागितलेल्या रकमा, तपासणे, विधेयके आणि वार्षिक अहवाल पाहणे, दीर्घकालीन धोरणाच्या कागदपत्रांवर मत देणे एवढे तिचे काम. दैनंदिन प्रशासनात तिने लक्ष घालायचे नाही, आणि तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत.

अहवालाची रचना नवख्या वाचकाला कंटाळवाणी वाटेल, पण ती विचारपूर्वक केलेली आहे. पहिल्या भागात समितीचे प्रश्न, मंत्रालयाची लेखी उत्तरे आणि साक्षीत सांगितलेले मुद्दे येतात. दुसऱ्या भागात ठळक अक्षरांत शिफारशी. शेवटी बैठकांची कार्यवृत्ते आणि हजर असलेल्या अधिकाऱ्यांची यादी. ही यादी घाईने उलटू नये. संरक्षण सचिवांच्या जोडीने तिन्ही दलांचे उपप्रमुख किंवा तत्सम ज्येष्ठ अधिकारी समितीपुढे बसतात, आणि गणवेशातला माणूस निवडून आलेल्या माणसाला थेट, नोंदवून घेतले जाईल असे उत्तर देतो, अशा जागा आपल्या राज्यव्यवस्थेत फार थोड्या आहेत.

या सेवेचा सर्वोत्तम नमुना म्हणून मार्च २०१८ मधला लष्करासंबंधीचा अहवाल दाखवता येईल. त्या वेळी समितीचे अध्यक्ष निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी होते, म्हणजे प्रश्न विचारणाराही एके काळी गणवेशातलाच होता. तत्कालीन लष्कर उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरथ चंद यांनी साक्षीत सांगितले की त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने लष्कराच्या आशा धुळीला मिळवल्या आहेत. नुसती तक्रार करून ते थांबले नाहीत. लष्कराच्या साधनसामग्रीपैकी ६८ टक्के जुनाट, २४ टक्के चालू पिढीची आणि अवघी ८ टक्के अत्याधुनिक आहे, खरे तर हे तीन वाटे साधारण सारखे असायला हवेत, असे त्यांनी मांडले. आधुनिकीकरणासाठी मिळालेले २१,३३८ कोटी रुपये हे आधीच करार झालेल्या आणि चालू असलेल्या १२५ योजनांच्या २९,०३३ कोटींच्या देण्यालाही पुरणारे नाहीत, हेही त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. नवे काही घेण्याचा प्रश्न त्यानंतरचा.

ही साक्ष सैन्याने केलेले बंड नव्हते आणि वर्तमानपत्राकडे फोडलेली गुप्त बातमीही नव्हती. मार्च २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांनी रणगाड्यांच्या दारूगोळ्याच्या टंचाईबद्दल पंतप्रधानांना लिहिलेले पत्र फुटले, तेव्हा चर्चा टंचाईपेक्षा पत्र कोणी फोडले यावरच अधिक झाली, आणि मुलकी-लष्करी अविश्वास आणखी वाढला. शरथ चंद यांनी जवळपास तशीच चिंता संसदेच्या समितीपुढे, नियमांनी आखलेल्या चौकटीत मांडली. सैन्याने आपले म्हणणे कुठे मांडावे याचा वस्तुपाठ हवा असेल तर या दोन प्रसंगांची तुलना करून पाहावी.

मग या साक्षीचे झाले काय? अहवाल १३ मार्च २०१८ रोजी संसदेत सादर झाला. दुसऱ्याच दिवशी, १४ मार्चला, लोकसभेने गदारोळात सर्व मंत्रालयांच्या मागण्या आणि वित्त विधेयक चर्चेविना मंजूर केले; संसदीय परिभाषेत याला ‘गिलोटिन’ म्हणतात, आणि संरक्षणाच्या मागण्यांवर ती सुरी पुष्कळदा पडते. समितीने दिलेली माहिती ज्या सभागृहासाठी होती, त्या सभागृहाने तिला एक दिवसही दिला नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये समितीची पुनर्रचना झाली आणि अध्यक्षपदी खंडुरी यांच्या जागी कलराज मिश्र आले. हे बदल नेहमीच्या वार्षिक फेररचनेचा भाग होते की आणखी काही, यावर त्या वेळी राजकीय आरोप-प्रत्यारोप झाले; अहवाल वाचणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की एका वर्षाची मुदत असलेल्या समितीत अनुभव साठायच्या आतच माणसे बदलू शकतात.

या अहवालांतून राजकीय वर्गाचे चित्रही उमटते, आणि ते फारसे देखणे नाही. तिन्ही दलांत समन्वय साधणाऱ्या चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ या पदाचा प्रवास त्यासाठी पाहावा. कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय सुरक्षा व्यवस्थेच्या फेरआढाव्याची गरज दाखवली. लालकृष्ण अडवाणी यांच्या नेतृत्वाखालील मंत्रिगटाने २००१ मध्ये हे पद निर्माण करावे असे सुचवले. त्याच वर्षी एकात्मिक संरक्षण मुख्यालय उभेही राहिले, पण पद रिकामे, किंबहुना अस्तित्वातच नाही. पुढे सरकारने राजकीय पक्षांची मते मागवली, मोजक्याच पक्षांनी उत्तरे दिली, आणि पक्षांशी सल्लामसलत सुरू असल्याचे उत्तर संसदेत वर्षानुवर्षे दिले जात राहिले. एवढ्या महत्त्वाच्या संस्थात्मक बदलावर मत कळवण्याची तसदी बहुसंख्य पक्षांनी घेऊ नये, यातून आपल्या पुढाऱ्यांच्या लेखी संरक्षण धोरणाची किंमत काय, ते कळते. सैन्याला ताब्यात ठेवण्याची काळजी त्यांना आहे, सैन्याचा विचार करण्याची मात्र फारशी नाही.

फेब्रुवारी २००९ मध्ये समितीने तिन्ही दलांच्या एकात्मिक कमांडच्या अंमलबजावणीवर स्वतंत्र अहवाल देऊन या दिरंगाईवर बोट ठेवले. अध्यक्ष होते बाळासाहेब विखे पाटील. सहकार आणि साखर कारखानदारी यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या नेत्याचे नाव संरक्षणाच्या चर्चेत महाराष्ट्रातही क्वचितच घेतले जाते. वास्तविक चिलखती दलाचे (रणगाडा दलाचे) प्रशिक्षण केंद्र ज्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात आहे, तिथल्या लोकप्रतिनिधीने या समितीचे अध्यक्षपद सांभाळावे यात नवल वाटायचे कारण नाही. अखेर या पदाची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी लाल किल्ल्यावरून झाली आणि १ जानेवारी २०२० रोजी जनरल बिपिन रावत यांनी सूत्रे घेतली. मंत्रिगटाच्या शिफारशीपासून अठरा वर्षांहून अधिक काळ उलटला होता, आणि निर्णय झाला तोही संसदेतल्या चर्चेचा शेवट म्हणून झाला नाही.

राष्ट्रीय सुरक्षा धोरणाच्या लिखित दस्तऐवजाची गोष्ट याहूनही जुनी आहे. इंद्रजित गुप्ता अध्यक्ष असताना १९९६ मध्ये समितीने संरक्षण धोरण, नियोजन आणि व्यवस्थापन यांवर अहवाल दिला आणि असा दस्तऐवज नसल्याबद्दल मंत्रालयाला जाब विचारला. धोरण एका कागदावर नसले तरी ते वेळोवेळीच्या निवेदनांतून स्पष्ट झालेले आहे, असा मंत्रालयाचा सूर होता. कम्युनिस्ट पक्षाच्या एका नेत्याने सैन्याच्या नियोजनातल्या उणिवांवर इतक्या बारकाईने प्रश्न विचारावेत, हे आजच्या पक्षीय वातावरणात अनेकांना पटणार नाही. पण समितीची परंपरा अशी होती, आणि तो अहवाल मी आजही या मालिकेतला सर्वांत वाचनीय मानतो. सुरक्षेचे लिखित धोरण त्यानंतरही प्रसिद्ध झालेले नाही.

समित्या नव्हत्या तेव्हा काय होते, हेही विसरू नये. लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी ऑगस्ट १९५९ अखेरीस संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी बिनसल्याने राजीनामा दिला, पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून तो मागे घेतला, आणि २ सप्टेंबरला नेहरूंनी लोकसभेत मंत्र्याची बाजू सांभाळून घेतली. खासदारांना हाती लागले ते एवढेच निवेदन. लष्करप्रमुख आणि मंत्री यांच्यात नेमके काय अडले होते, सीमेवर तयारी किती होती, हे विचारण्यासाठी बंद दारामागची का होईना, एक जागा सभागृहाकडे नव्हती. १९६२ च्या पराभवानंतर मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावल्याचे कौतुक आपण पुष्कळ केले, पण चव्हाणांची खरी कामगिरी अधिक शांत प्रकारची होती. सचिव आणि तिन्ही दलांचे प्रमुख यांच्याबरोबर सकाळच्या नियमित बैठका घेण्याची पद्धत त्यांनी ठेवली आणि दुरावलेल्या दोन बाजूंना पुन्हा एका टेबलाशी आणले.

मात्र संसदेच्या बाजूने पाहिले तर चव्हाणांच्या काळाचाही हिशेब संमिश्रच आहे. १९६२ च्या पराभवाबद्दल हेंडरसन ब्रुक्स आणि भगत या लष्करी अधिकाऱ्यांनी केलेल्या चौकशीच्या अहवालाचा सारांश त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत मांडला. प्रशिक्षण, साधने, आज्ञारचना, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची नेतृत्वशक्ती या पाच अंगांनी त्यांनी उणिवा सांगितल्या, पण मूळ अहवाल सभागृहाला दिला नाही. सैन्याचे मनोधैर्य सावरायचे असताना तो निर्णय समजून घेता येतो. पुढे २०१० मध्ये ए. के. अँटनी यांनीही तो अहवाल अजून संवेदनशील असून त्याला चालू लष्करी महत्त्व आहे, असे संसदेला सांगितले, तेव्हा मात्र समजून घेण्याची मर्यादा ओलांडली जाते. जवळपास अर्धे शतक उलटल्यावरही लोकप्रतिनिधींच्या छोट्या, शपथबद्ध गटाला तो वाचायला मिळू नये, हा सैन्याचा हट्ट नव्हता; तो मुलकी सत्तेचा मुलकी सत्तेवरचाच अविश्वास होता. लेफ्टनंट जनरल दत्तात्रय शेकटकर यांच्या समितीने २०१६ च्या अखेरीस सैन्याची लढाऊ क्षमता आणि खर्चाचा मेळ यांवर दिलेला अहवालही संपूर्णपणे लोकांसमोर आलेला नाही.

आता या सेवेतल्या उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे बंद दारे. बैठका गुप्त असतात. कार्यवृत्तात शब्दशः नोंद ठेवण्यात आली असे लिहिलेले असते, पण ती नोंद वाचकाला मिळत नाही. युद्धयोजना उघड कराव्यात असे कुणीच म्हणणार नाही, परंतु निवृत्तिवेतन, निवासस्थाने, खरेदीतली दिरंगाई किंवा सैनिकी शाळा यांवरची साक्ष बंद ठेवण्याने शत्रूचे काय बिघडते, हे कळत नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सची संरक्षण समिती आपल्या बहुतेक साक्षी उघडपणे घेते आणि त्यांचे शब्दशः वृत्त प्रसिद्ध करते. तिचा अध्यक्ष २०१० पासून खासदारांच्या मतदानाने निवडला जातो. जर्मनीत तर संरक्षण समितीची तरतूद राज्यघटनेतच आहे, तिला चौकशी समितीचे अधिकार आहेत, आणि शिवाय संसदेचा एक संरक्षण आयुक्त असतो, ज्याच्याकडे कोणताही सैनिक वरिष्ठांना वगळून थेट दाद मागू शकतो. दोन महायुद्धांच्या अनुभवातून आलेली ही व्यवस्था जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे मान्य. पण आपली पद्धत सैन्याच्या शिस्तीसाठी अटळ आहे, हा दावा या दोन उदाहरणांपुढे टिकत नाही.

दुसरी उणीव समितीच्या स्वतःच्या धीटपणाची. संकट दाराशी असताना विषयपत्रिका भलतीच असू शकते. डिसेंबर २०२० मध्ये, गलवानची चकमक होऊन सहा महिने झालेले असताना, बैठकीत दलांच्या गणवेशाचा विषय चालू होता. राहुल गांधी यांनी लडाखचा आणि तिथल्या जवानांच्या गरजांचा मुद्दा काढला, अध्यक्ष जुएल ओराम यांनी ठरलेल्या विषयाचा आग्रह धरला, आणि काँग्रेसचे सदस्य उठून गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये भाजपचे अध्यक्ष जे. पी. नड्डा यांनी राहुल गांधी या समितीच्या एकाही बैठकीला आले नसल्याचा आरोप केला होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी बातमीपुरत्या बरोबर असतील; अहवालात मात्र या दोन्हींतले काहीच उतरत नाही. समितीचे अहवाल सर्वसंमतीने निघावेत अशी अपेक्षा असते, भिन्नमतपत्रिका जोडण्याची मुभाही असते, पण संरक्षणाच्या अहवालांत ती फार क्वचित दिसते. परिणामी २०२२ ची अग्निपथ योजना असो वा लडाखचा प्रश्न, खासदारांमध्ये खरा मतभेद कुठे होता हे या पानांवरून समजत नाही.

तिसरे म्हणजे पुनरुक्ती. हवाई दलाला मंजूर असलेल्या ४२ लढाऊ तुकड्यांची संख्या कधी गाठणार, वर्षाअखेर न संपलेला निधी पुढच्या वर्षी वापरता येईल असा अव्यपगत आधुनिकीकरण निधी कधी होणार, हे प्रश्न वर्षानुवर्षे त्याच शब्दांत येतात. या निधीची घोषणा जसवंत सिंग यांनी २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात केली होती, आणि पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी सुमारे २.३८ लाख कोटींच्या निधीची शिफारस केली. समिती विचारते, संरक्षण मंत्रालय अनुकूल असल्याचे सांगते, अर्थ मंत्रालयाच्या हरकतींचा उल्लेख होतो, आणि शिफारस पुन्हा नोंदवली जाते. तेच ते वाचून कंटाळा येतो हे खरे, पण नकाराचा उगम अर्थ मंत्रालयात आहे की संरक्षण मंत्रालयात, हे याच कंटाळवाण्या परिच्छेदांतून कळते. सैन्याला ‘नाही’ म्हणणारी मुलकी सत्ता बहुतेक वेळा मंत्री किंवा खासदार नसून खर्चाची फाइल अडवणारा विभाग असतो.

म्हणून वाचनाचा क्रम उलटा ठेवावा, असे सुचवेन. मार्चचा मूळ अहवाल प्रथम उघडू नये. सरकारला तीन महिन्यांत उत्तर द्यावे लागते आणि त्यावर समिती केलेल्या कार्यवाहीचा अहवाल काढते. तो आधी घ्यावा. त्यात पाच प्रकरणे असतात: समितीचे भाष्य, सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर पाहून समितीने सोडून दिलेल्या शिफारशी, उत्तर न पटल्याने पुन्हा बजावलेल्या शिफारशी, आणि तात्पुरती उत्तरे. यांतले चौथे प्रकरण थेट वाचायला घ्यावे. तिथेच समितीचा आवाज थोडा चढतो आणि मंत्रालयाची गुळमुळीत भाषा उघडी पडते. तिसरे प्रकरण त्यानंतर, कारण समितीने कुठे माघार घेतली हे तिथे दिसते. पाचव्या प्रकरणातली ‘विचाराधीन’ उत्तरे मागच्या एक-दोन वर्षांच्या अहवालांशी ताडून पाहावीत.

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांनी, संरक्षणविषयक वार्तांकन करणाऱ्यांनी आणि घरात कुणी सैन्यात असलेल्यांनी हे अहवाल अवश्य वाचावेत. शस्त्रास्त्रांच्या छायाचित्रांची आणि युद्धकथांची आवड असलेल्यांची निराशा होईल. मराठी वाचकाची एक अडचण उरते. अहवाल मराठीत नाहीत, आणि महाराष्ट्रातून निवडून गेलेल्या खासदारांपैकी कुणी समितीत काय विचारले, याची नोंद आपल्या वृत्तपत्रांत क्वचितच येते. कार्यवृत्तातली उपस्थितीची यादी मात्र कुणालाही वाचता येते, आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला तिच्याबद्दल विचारायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.